सीए-८ उन्हानं मेलं की जन्मापासूनच बसून आहे? (मानवी रिकॉम्बिनंट प्रथिन आणि शून्य रीडिंग)

तापीकाठची
१४ मे, रात्री १०.१२

मंडळी, नमस्कार. एरवी मी पाककृतींच्या विभागात असते, विज्ञान विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय. अर्धा प्रश्न आहे, अर्धं रडगाणं.

जळगाव जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी जीवरसायनशास्त्रात पीएचडी करते. सातपुड्यातल्या झाडांचे अर्क (हिरडा, अर्जुन, पळस, मोह) कार्बोनिक अनहायड्रेज (थोडक्यात सीए) या एन्झाइमला अडवतात का, हे बघणं हा कामाचा एक भाग. हे एन्झाइम कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांची गाठ घालून देतं, त्यातून बायकार्बोनेट तयार होतं आणि एक प्रोटॉन सुटतो. आपल्या तांबड्या पेशींत ते ठासून भरलेलं असतं, म्हणून तर स्नायूंतला कार्बन डायऑक्साइड रक्तातून फुप्फुसापर्यंत पोचतो. काचबिंदूची काही औषधं याच एन्झाइमला रोखून डोळ्यातला दाब उतरवतात.

तर चाचणीसाठी याच एन्झाइमचं मानवी रिकॉम्बिनंट प्रथिन मागवलं. ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे कुपीत बघितलं तर काहीच दिसत नाही. किंमत सांगत नाही, माझी आई इथले धागे वाचते. पार्सल शुक्रवारी मुंबईहून निघालं, शनिवारी दुपारी जळगावात आलं आणि सोमवारी सकाळपर्यंत कुरियरच्या गोदामात पडून राहिलं. त्या दिवसांत पारा ४५ च्या घरात. खोका उघडला तेव्हा आतली जेलची पाकिटं कढीसारखी पातळ झालेली.

आता रीडिंगचं. पॅरा-नायट्रोफेनिल ॲसिटेटची चाचणी लावली. एन्झाइम चाललं तर पिवळा रंग येतो आणि ४०५ नॅनोमीटरला शोषण चढतं. माझ्याकडे ब्लँकमध्ये (प्रथिन न टाकलेल्या नळीत) जितकं चढतं, तितकंच प्रथिनाच्या नळीत. बफर नवा केला, पीएच मीटर पुन्हा लावून घेतला, सब्स्ट्रेट (म्हणजे ते ॲसिटेट) ताजं विरघळवलं. तीनदा केलं, तीनदा शून्य. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर मात्र पट्टा देखणा, एकच, ३५ किलोडाल्टनच्या आसपास.

पुरवठादाराला मेल टाकली, उत्तर आलं, 'आमच्याकडून निघताना माल व्यवस्थित होता.' सर म्हणतात उन्हानं मेलं. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. उन्हानं मेलेलं प्रथिन पुन्हा उठवता येतं का? आणि भरपाईसाठी भांडायचं तर पुरावा काय द्यायचा?


रूळ_भुसावळ
१४ मे, रात्री १०.३१

ताई, आमच्याकडे मे महिन्यात रूळसुद्धा ताणून वाढतात, तुमचं प्रथिन काय घेऊन बसलात. ऊनच. दुसरं काही नाही.


आप्पा_साक्रीकर
१४ मे, रात्री १०.४०

कंपनीले सोडू नको ताई. पैसा परत मांगी ले!


केळीवाला_रावेर
१४ मे, रात्री ११.०५

प्रथिनातलं मला काही कळत नाही, पण थंड माल पाठवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय. आमची केळी १३-१४ अंशांवर जातात. त्याच्या खाली गेली तर साल काळी पडते, वर गेली तर वाटेतच पिकतात. आपल्या भागात शुक्रवारी थंड माल कधीही पाठवू द्यायचा नाही, हा पहिला धडा. शनिवार-रविवार माल कुठे उभा राहतो ते देवाला ठाऊक. सोमवारी निघेल अशीच ऑर्डर द्यायची आणि कुरियरवाल्याला आधीच फोन करून सांगायचं, मी स्वतः गाडीवर येऊन घेऊन जातो.

दुसरं म्हणजे आतलं तापमान खरंच किती गेलं, ते तुम्हाला माहीत नाही. जेल पातळ झाली म्हणजे ती वितळली, एवढंच. आत २० अंश होते की ४०, ते त्यावरून कळत नाही. आम्ही कंटेनरमध्ये तापमान नोंदणारं छोटं यंत्र टाकतो, वाटेतला सगळा आलेख मिळतो. भांडायचं असेल तर तो पुरावा. पातळ जेलचा फोटो दाखवलात तर समोरचा हसेल.


प्रश्नचिन्ह
१५ मे, सकाळी ७.५०

एक बाळबोध शंका. 'मानवी' प्रथिन म्हणजे माणसाच्या रक्तातून काढतात का? कुणाच्या?


प्रथिनपुराण
१५ मे, सकाळी ९.२०

प्रश्नचिन्ह, शंका बाळबोध नाही, एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत पोरं इथेच अडखळतात. माणूस कुठेच लागत नाही. माणसाच्या जनुकातला प्रथिनाचा मजकूर घ्यायचा, तो प्लाझ्मिड नावाच्या गोल डीएनएत बसवायचा आणि ते ई. कोलाय जीवाणूच्या पोटात सोडायचं. जीवाणू वाढले की आयपीटीजी नावाचं रसायन टाकून इशारा द्यायचा. मग ते बिचारे स्वतःची कामं बाजूला ठेवून आपलं प्रथिन रांधत बसतात. प्रथिनाच्या टोकाला ६ हिस्टिडिनांची (हे एक अमिनो आम्ल) शेपटी जोडलेली असते. ही शेपटी निकेलच्या स्तंभाला चिकटते, बाकीचा कचरा धुऊन जातो. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर तेही असंच बनतं. १९८२ पासून बाजारात आहे, त्याआधी डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडातून काढायचे.

आता तापीकाठची ताईंसाठी. मी मूळचा धुळ्याचा, प्रथिनं शुद्ध करण्यातच केस पांढरे केलेत. ऊन बाजूला ठेवा थोडा वेळ. कुपीवर आणि सोबतच्या कागदावर नेमकं काय लिहिलंय? जनुकाचं नाव, पावडर होती की द्रव, शेपटी कुठल्या टोकाला आणि मुख्य म्हणजे 'क्रियाशीलता' या ओळीपुढे काय आहे? सगळं जसंच्या तसं टाका.


तापीकाठची
१५ मे, दुपारी १.१५

सर, कागदावरचं उतरवते. जनुक: सीए-८. पूर्ण लांबीचं, २९० अमिनो आम्लं. ई. कोलायमध्ये बनवलेलं, हिस्टिडिनची शेपटी पुढच्या टोकाला. गोठवून सुकवलेली पावडर. शुद्धता ९० टक्क्यांहून जास्त, एसडीएस जेलवर तपासलेली. 'फक्त संशोधनासाठी, निदान किंवा उपचारासाठी नाही.' क्रियाशीलतेपुढे 'तपासलेली नाही' असं आहे.

आम्हाला खरं तर सीए-२ हवं होतं. त्याला ६ आठवडे लागणार होते आणि सीए-८ तयार होतं, शिवाय स्वस्त. सर म्हणाले, एकाच घरातलं आहे, २ काय नि ८ काय.


प्रथिनपुराण
१५ मे, दुपारी १.२२

अरे देवा.

संध्याकाळी सविस्तर लिहितो. तोवर पुरवठादाराला दुसरी मेल टाकू नका. आणि टाकली असेल तर तिसरी माफीची तयार ठेवा.


रूळ_भुसावळ
१५ मे, दुपारी १.३०

आता संध्याकाळपर्यंत जीव टांगणीला. सर, तुम्ही मालिका लिहिता का हो?


प्रथिनपुराण
१५ मे, रात्री ८.४५

बसा निवांत.

कार्बोनिक अनहायड्रेज हे एक एन्झाइम नाही, ते घराणं आहे. १९३३ मध्ये केंब्रिजला मेल्ड्रम आणि रफ्टन यांनी रक्तात ते शोधलं. १९४० मध्ये कायलिन आणि मान यांनी त्यात जस्त असल्याचं दाखवलं. एन्झाइमच्या पोटात जस्त असतं हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढे एकामागून एक भावंडं सापडत गेली. तांबड्या पेशींत १ आणि २. स्नायूंत ३. लाळेत ६. ऑक्सिजन कमी पडलेल्या गाठींमध्ये ९ वाढलेलं दिसतं, म्हणून कर्करोगवाले त्याच्या मागे असतात. माणसात आज १५ मोजतात.

यातलं सीए-२ म्हणजे घरातला कर्ता मुलगा. सेकंदाला सुमारे १० लाख रेणू उरकतो. त्याच्या शंकूसारख्या खोबणीच्या तळाशी जस्ताचा एक अणू असतो आणि त्याला ३ हिस्टिडिनांनी धरून ठेवलेलं असतं: ९४, ९६ आणि ११९ क्रमांकाच्या. जस्ताला एक पाण्याचा रेणू चिकटतो, त्याचा प्रोटॉन सुटतो, उरलेला हायड्रॉक्साइड कार्बन डायऑक्साइडवर तुटून पडतो. सगळं काम हे जस्त करतं. बाकीचं प्रथिन म्हणजे त्याला धरून ठेवणारा चिमटा समजा.

पण १५ पैकी ३ भावंडं हे काम करतच नाहीत. ८, १० आणि ११. सीए-८ मध्ये त्या ३ हिस्टिडिनांपैकी एकीच्या जागी आर्जिनिन हे दुसरंच अमिनो आम्ल आलंय. चिमट्याचा एक दात पडला, जस्त बसत नाही. चुलीत लाकूडच नाही तर फुंकून काय होणार? म्हणून या तिघांना 'कार्बोनिक अनहायड्रेजशी संबंधित प्रथिनं' असं वेगळं नाव दिलेलं आहे. युनिप्रॉट या प्रथिनांच्या ऑनलाइन कोशात पी-३५२१९ ही नोंद उघडा. हे प्रथिन कार्बोनिक अनहायड्रेजचं काम करत नाही असं तिथे स्पष्ट लिहिलंय.

म्हणजे ताई, तुमचं शून्य बरोबर आहे. तुम्ही तीनदा प्रयोग केला आणि तिन्ही वेळा खरं उत्तर आलं.

उन्हाबद्दल दोन शब्द. सुकवलेल्या पावडरीला दोन-तीन दिवसांची गरमी द्रवाइतकी बाधत नाही. आणि या घराण्याची घडी तशी चिवट, सीए-२ उलगडायला ६० अंशांच्या आसपास जावं लागतं. उन्हानं प्रथिन बिघडलं तर सहसा थोडं मरतं, थोडं उरतं, रीडिंग निम्मं-पाव येतं. इतकं स्वच्छ शून्य बघितलं की मला ऊन आठवत नाही, मी आधी नाव वाचतो.

जेलच्या देखण्या पट्ट्यावरही जाऊ नका. जेलवर चढवण्याआधी आपणच प्रथिन डिटर्जंटमध्ये उकळतो. त्यावरून वजन कळतं, भेसळ कळते, पण ते कामाचं आहे का हे कळत नाही. शुद्धता ९० टक्के म्हणजे ९० टक्के तेच प्रथिन. मग ते जागं असो की झोपलेलं.


आप्पा_साक्रीकर
१५ मे, रात्री ९.०२

आते समजनं! आमना गावमा निम्मा लोके पाटील शेतस. म्हनीसन काय समदा गावना पाटील व्हतीन का?


केळीवाला_रावेर
१५ मे, रात्री ९.१०

😂 आप्पा, जिंकलात. आमच्या रावेर-यावलकडे तर पाटील आणि चौधरी सोडले तर हाक मारायला तिसरं आडनाव शोधावं लागतं.


तापीकाठची
१५ मे, रात्री ९.४०

हसा, हसा. मी दुपारपासून जेवले नाहीये.

युनिप्रॉटची नोंद बघितली. खरंच लिहिलंय. पहिल्याच परिच्छेदात. ऑर्डर देताना मी किंमत बघितली, किती दिवसांत येईल ते बघितलं, शुद्धता बघितली. हे एक वाक्य वाचायला २ मिनिटंसुद्धा लागली नसती. आणि पुरवठादाराला मी जी मेल लिहिली होती ना, ती आता उघडून बघवत नाही.

सरांना काय सांगू? '२ काय नि ८ काय' हे वाक्य त्यांचं आहे, पण ऑर्डरवर सही माझी.

आणि खरा प्रश्न: या घरात हे प्रथिन करतं तरी काय? निसर्गानं फुकट का पोसलंय?


डॉक्टर_नंदुरबार
१५ मे, रात्री १०.२५

फुकट नाही पोसलेलं. हे लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशींत भरपूर असतं. १९९० मध्ये उंदराच्या मेंदूतूनच ते पहिल्यांदा सापडलं. त्या पेशींमध्ये कॅल्शियम सोडणारा एक दरवाजा असतो, आयपी-३ या निरोप्या रेणूचा ग्राहक (रिसेप्टर). सीए-८ त्या दरवाजाला जाऊन चिकटतं आणि आयपी-३ ला तिथे नीट बसू देत नाही, हे २००३ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं. म्हणजे याची नोकरी पहारेकऱ्याची आहे, आचाऱ्याची नाही.

पहारेकरी नसला तर काय होतं? या जनुकात बिघाड असलेला उंदीर डुलत, फेंगडत चालतो, त्या जातीचं नावच चालीवरून पडलंय. २००९ मध्ये एका इराकी कुटुंबाबद्दल प्रसिद्ध झालं. त्यांच्यातल्या काही भावंडांत हेच जनुक बिघडलेलं होतं. तोल सांभाळता येत नव्हता, काही जण हातापायांवर चालत, सोबत सौम्य बौद्धिक मांद्य.

उलट सीए-२ नसेल तर वेगळंच चित्र. हाडं दगडासारखी दाट होतात, मूत्रपिंडातून आम्ल नीट बाहेर पडत नाही, मेंदूत चुना साचतो. दोघांचं घराणं एक, पण रोगाचा एकही धागा जुळत नाही.


ट्रेकवेडा_चाळीसगाव
१५ मे, रात्री १०.५०

थोडं अवांतर. काचबिंदूची ती गोळी म्हणजे ॲसिटाझोलामाइड का? लेहला जाताना उंचीच्या त्रासासाठी डॉक्टरांनी दिली होती. बोटांना मुंग्या यायच्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिथे थंड सोडा प्यायलो तर पार पचपचीत. दुकानदाराशी भांडलो होतो.


डॉक्टर_नंदुरबार
१५ मे, रात्री ११.०५

तीच गोळी. दुकानदाराची माफी मागून या. जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर सीए-४ असतं, सोड्याचा झणका त्याच्यामुळे कळतो. गोळी त्यालाही रोखते. सोडा ठीक होता, तुमची जीभ बंद होती.


निवृत्त_मास्तर
१६ मे, सकाळी ६.१०

सोड्याचा विषय निघालाच आहे तर बोलतो. चोपड्याच्या शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवलं, प्रयोगशाळेत बन्सन बर्नर ३ आणि विद्यार्थी ७०, त्यामुळे जुगाड अंगात मुरलंय.

बाईसाहेब, तुमची ती पिवळ्या रंगाची चाचणी एन्झाइमचं खरं काम मोजत नाही. ॲसिटेट तोडणं हा त्याचा जोडधंदा. खरा धंदा कार्बन डायऑक्साइडचा, तर तोच का मोजत नाही? १९४८ ची विल्बर आणि अँडरसन यांची पद्धत आहे, तिला यंत्रही लागत नाही. ट्रिस बफर, पीएच ८.३, बर्फात ठेवून अगदी गार करायचा. ६ मिली बफर घ्या, त्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे थेंब टाका, निळा होईल. वरून कार्बन डायऑक्साइडनं भरलेलं बर्फगार पाणी ४ मिली ओता आणि घड्याळ चालू करा. आम्ल सुटत जातं तसा निळ्याचा हिरवा आणि हिरव्याचा पिवळा होतो. एन्झाइमशिवाय मिनिटभर किंवा जास्त लागतं, एन्झाइम असेल तर काही सेकंद. बर्फ एवढ्यासाठीच, नाहीतर साधी नळीसुद्धा डोळ्याचं पातं लवायच्या आत पिवळी होते.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नसेल तर गोटी सोडा घ्या. साधा. लिंबू-मसाल्याचा नको, त्यातलं आम्लच सगळा घोळ करेल.


प्रथिनपुराण
१६ मे, सकाळी ९.००

मास्तर, दंडवत. यात माझी एवढीच भर: बाजूला तुलनेसाठी चालणारं एन्झाइम हवंच. गाईच्या तांबड्या पेशींतलं कार्बोनिक अनहायड्रेज मिलिग्रॅमच्या हिशोबात मिळतं आणि मानवी रिकॉम्बिनंटपेक्षा खूपच स्वस्त पडतं. चाचणी बसवण्याचं सगळं शिक्षण त्याच्यावर घ्या. महागडी कुपी सगळ्यात शेवटी उघडायची. हे तुम्ही आधी केलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं की चाचणी ठीक आहे आणि गोम प्रथिनात आहे. ब्लँक सगळे लावतात. 'हो' म्हणणारी नळी लावायचा मात्र कंटाळा.

ॲसिटेटची चाचणी अगदी टाकाऊ नाही, प्लेटमध्ये ९६ अर्क एकदम बघायला सोयीची. पण घराण्यातली काही कमावती भावंडंही तिथे तोंड उघडत नाहीत. सीए-३ घेतलं असतं तरी त्या चाचणीत जवळपास शून्यच दिसलं असतं, आणि ते तर अधिकृतपणे कामावर आहे.

आता तुमच्या अर्कांबद्दल बोलतो, कारण मला पुढचा खड्डा दिसतोय. हिरडा आणि अर्जुन म्हणजे टॅनिनची खाण. टॅनिन कुठल्याही प्रथिनाला मिठी मारतं आणि गाळ करून खाली बसवतं. त्याला अडवणूक म्हणायची नाही. तुमच्या कागदावर हिरडा सगळ्यात जोरदार औषध ठरेल आणि तुम्ही खुश व्हाल. ते खरं आहे का हे बघायला त्याच नळीत बीएसए (गाईच्या रक्तातलं साधं प्रथिन) जास्त टाका, किंवा थोडं सौम्य डिटर्जंट. अडवणूक पळाली तर ती टॅनिनचीच होती. शिवाय पळसाच्या फुलांचा अर्क मुळातच पिवळा-केशरी. ४०५ ला तो स्वतःच शोषणार, म्हणून अर्काचा वेगळा ब्लँक, एन्झाइमशिवाय. अर्क विरघळवणारं मिथेनॉल किंवा डीएमएसओ सगळ्या खणांत सारखं. आणि अडवणाऱ्या बाजूचा साक्षीदार म्हणून ॲसिटाझोलामाइड ठेवा. ते अडवत नसेल तर त्या दिवशीचं काहीच धरू नका.

सीए-८ ची कुपी फेकू नका हं. सुकी उरली असेल तर तशीच थंड ठेवा. विरघळवली असेल तर छोटे छोटे वाटे करून उणे ८० ला. पुन्हा पुन्हा गोठवणं-वितळवणं केलंत तर आज नाही मेलेलं उद्या मराल... म्हणजे माराल.


रूळ_भुसावळ
१६ मे, सकाळी ९.१५

शेवटच्या वाक्यात सरांनीच बदल घडवून आणला 😄


तापीकाठची
१६ मे, रात्री ८.३०

सरांना सांगितलं. आधी गप्प झाले. मग कागद मागून घेतला, स्वतः युनिप्रॉट उघडलं, वाचलं आणि म्हणाले, 'चहा सांग दोन.' एवढंच. आमच्या सरांच्या बाबतीत हा मोठा कबुलीजबाब आहे.

प्रथिनपुराण सर, वेड्यासारखी शंका: तो पडलेला दात परत बसवला तर? आर्जिनिन काढून हिस्टिडिन?


प्रथिनपुराण
१६ मे, रात्री ९.१०

वेड्यासारखी मुळीच नाही. स्वीडनच्या लोकांनी हे १९९६ मध्येच केलंय. दोन जागी बदल केला, एक त्या आर्जिनिनचा आणि एक जवळच्या ग्लुटामिक आम्लाचा. आणि बसून असलेलं प्रथिन कार्बन डायऑक्साइड हाताळायला लागलं. सीए-२ च्या तोडीचं नाही, पण लागलं. म्हणजे बाकीची खोबण अजून शाबूत आहे, घर पडकं नाही, फक्त चूल काढून घेतलीय. मला स्वतःला या घराण्यातली ही सगळ्यात आवडती गोष्ट वाटते. तुमचं प्रथिन विकतचं असल्यानं हे त्यात करता येणार नाही, जनुक हातात हवं.


तापीकाठची
९ जून, रात्री ९.५५

धागा वर काढतेय. पाऊस झाला, डोकं थंड झालं.

गाईचं एन्झाइम आलं. सोमवारी निघालं, मंगळवारी मी स्वतः स्कूटीवर जाऊन कुरियरच्या गोदामातून घेतलं (केळीवाले दादा, तुमचंच ऐकलं). ॲसिटेटच्या चाचणीत १० मिनिटांत असा पिवळा आला की शिपाई काकांनी विचारलं, हळद का?

मग मास्तरांचा प्रयोग. चौकातून गोटी सोड्याच्या ६ बाटल्या आणल्या, बर्फाच्या टोपात रोवल्या. एमएस्सीची पोरं जमली, सर स्टॉपवॉच घेऊन बसले. नुसता बफर: ७० सेकंद. गाईचं एन्झाइम, २ मायक्रोग्रॅम: १४ सेकंद. साध्या नळीच्या वेळेतून एन्झाइमची वेळ वजा करायची आणि एन्झाइमच्या वेळेनं भागायचं, तर ४ एकक, म्हणजे मिलिग्रॅमला २०००. बाटलीवर लिहिलेल्या आकड्याच्या अगदी जवळ. गोटी सोड्यावर!

सीए-८, तेही २ मायक्रोग्रॅम: ६९, ७१, ७०.

माझ्या प्रबंधात ते आता 'नकारार्थी तुलना' या रकान्यात बसलंय. तेच घराणं, तशीच घडी, पण जस्त नाही. एखादा अर्क जर सीए-८ च्या नळीतही रंग बदलत असेल तर तो अर्क लबाड. पळस तिथेच पकडला गेला. हिरड्याला बीएसए टाकून पकडलं, आधी ९० टक्के अडवत होता, नंतर जेमतेम १५. अर्जुन अजून बघायचाय. सीए-२ ची ऑर्डर दिली, या वेळी 'क्रियाशीलता तपासलेली' अशी ओळ आहे का ते आधी सरांनीच वाचून दाखवलं.

पुरवठादाराला माफीची मेल गेली. त्यांचं उत्तर आलं, की पुढच्या वेळी शुक्रवारी माल पाठवणार नाही. तेवढी एक चूक त्यांचीही होतीच.


निवृत्त_मास्तर
१० जून, सकाळी ६.०५

उत्तम. ७० आणि १४ हे आकडे वहीत लिहून ठेवतो. सोडा उघडल्यावर किती वेळानं ओतलात? प्रत्येक नळीला नवी बाटली उघडली का? वायू उडत जातो, म्हणून विचारतो.


तापीकाठची
१० जून, सकाळी ८.२०

मास्तर, प्रत्येक वाचनाला ताजी बाटली उघडून लगेच ओतला, वेळ पोरांनी लिहून ठेवलीय. एकूण ६ बाटल्या लागल्या, फक्त बफरचं वाचन एकदाच घेतलं, ते या आठवड्यात आणखी दोनदा घेईन.


प्रथिनपुराण
१० जून, सकाळी ८.४५

३ अधिक १ अधिक १, ५ झाल्या. सहावी?


तापीकाठची
१० जून, सकाळी ८.५०

सहावी सर प्यायले.

आणि चौकातल्या काकांनी सगळ्या बाटल्या गोट्यांसकट परत मागितल्यात, डिपॉझिट अडकलंय. एका बाटलीला ब्रोमोथायमॉलचा निळा डाग पडलाय, तो कशानं जातो?